मधे काय बदललं?

लॉकशेठ कॉम्प्युटरला आधी हात लावत नसत. दहा-अकरा वर्षं मी त्यांना पाहिलं, पण ही सवय मोडलेली एकदाही आठवत नाही. जुन्नरहून तासभर स्कूटर हाकत यायचे, दारात चपला काढायचे, सर्व्हरशेजारच्या लाकडी स्टुलावर बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि विचारायचे, "काल चालत होतं?" आपण म्हणायचं, होय. "आज चालत नाही?" नाही. "मग मधे काय बदललं?"

या प्रश्नाला उभ्या जगाचं उत्तर एकच. "काहीच नाही बदललं." हे ऐकलं की शेठ उठायचे. "मग मी घरी जातो. काही बदललं नसेल तर चालू असणार." बरं, नुसतं बोलायचे नाहीत, खरंच चपलांत पाय घालायचे. मग मागून कोणीतरी हळूच तोंड उघडायचं, "तसा काल वायरमन आला होता म्हणा पंख्यासाठी. त्यानं टेबल सरकवलं थोडं." शेठ पुन्हा स्टुलावर. अर्धं काम तिथंच झालेलं असायचं.

शेठ आता नाहीत. पण त्यांच्यासारखी माणसं ज्यांनी पाहिली असतील त्यांना कळेल मी कोणाबद्दल बोलतेय. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मंचरच्या बाहेर रस्त्यालगत एक तंत्रविद्यालय होतं, नाव नको, तिथं मी कॉम्प्युटर लॅबची सहायक म्हणून लागले. मी निरगुडसरची. आमच्या घरात कांदा-बटाट्याशिवाय दुसरा विषय नसायचा, आणि असलाच तर माझं लग्न. नोकरी असेतोवर लग्नाचं नाव काढायचं नाही, असा माझा नि वडिलांचा तह झाला होता. नोकरी हंगामी होती. म्हणजे तहही हंगामीच.

लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर होते आणि मशीनचे आराखडे काढायचं एक महागडं सॉफ्टवेअर. ते चालायचं एका लॉकवर. लॉक म्हणजे कुलूप नव्हे. काडेपेटीएवढी एक ठोकळी, एका बाजूला पिना, दुसऱ्या बाजूला भोकं, सर्व्हरच्या पाठीमागे स्क्रूनं आवळलेली. ती जागेवर असली तरच बाकीच्या मशीनवर सॉफ्टवेअर उघडायचं. नाहीतर पडद्यावर चौकट यायची, लायसन सापडत नाही. दूध डेअऱ्या, पतसंस्था, कोल्ड स्टोरेज, जिथं जिथं असली लॉकं होती, तिथं बिघडलं की एकाच माणसाला फोन जायचा. म्हणून ते लॉकशेठ. वाडवडील राजस्थानातून आलेले, जुन्नरच्या बाजारात कापडाचं दुकान. भावांनी कापड सांभाळलं आणि यांनी हे. भाऊ चिडवायचे, "आम्ही मीटरनं मोजून देतो, तू काय मोजून देतोस ते तरी दाखव." शेठ हसायचे. उत्तर द्यायच्या भानगडीत ते फारसे पडत नसत.

समजावून सांगायची हातोटी मात्र अशी, की आमच्या प्राध्यापकांनी शिकवणी लावावी. आमचं लायसन दहा जणांचं. एका वेळी दहाच मशीनवर चालायचं. पण कधीकधी सात पोरं बसलेली असली तरी आठव्याला सॉफ्टवेअर घुसू द्यायचं नाही. मी वैतागून शेठना बोलावलं. त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही निरगुडसरहून एसटीनं येता ना? खिडकीतून सीटवर रुमाल टाकता का?" मी म्हटलं, टाकते की, लई गर्दी असते. "टाकला, आणि गाडीत चढायच्या ऐवजी रिक्षानं निघून गेलात, तर?" सीट रिकामी, पण बसता कोणालाच येत नाही. तसंच झालं होतं. तास संपला की आमची पोरं सॉफ्टवेअर बंद न करता थेट भिंतीवरचं बटण दाबून पळायची, आणि सर्व्हर बिचारा त्यांच्या जागा धरून बसायचा. त्या दिवसापासून मी तास संपला की दारात उभी राहून ओरडायचे, "रुमाल उचला रे सगळ्यांनी!" पोरांनी माझं नावच रुमालबाई ठेवलं. ठेवोत बापडे.

फोनवर नंबर सांगायची त्यांची तऱ्हा तर ऐकण्यासारखी. लायसनचा नंबर आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं मिसळून असायचा आणि तो पुण्याच्या कंपनीला फोनवर कळवावा लागायचा. शेठनी सहा अक्षरांना आपली सहा गावं नेमली होती. एला आळे, बीला बेल्हे, मग चास, डिंभे, एकलहरे, फुलवडे. "लिहा मॅडम. चार, बेल्हे, सात, डिंभे, डिंभे, फुलवडे." पलीकडची मुलगी पहिल्यांदा गडबडली. "सर, स्पेलिंग सांगता का?" "अहो, स्पेलिंगच सांगतोय!" वर्षभरात ती इतकी तयार झाली की स्वतःच विचारायची, "सर, शेवटी आळे की एकलहरे?" यातलं एक गाव तरी तिनं पाहिलं असेल की नाही, देव जाणे.

आणि एक वही. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या सर्व्हरजवळ शेठ एक वही सुतळीनं बांधून ठेवायचे. जे काही बदलेल ते तिच्यात लिहायचं. आमच्या वहीत काय काय होतं! 'पंख्याची जागा हलवली.' 'उंदीर मेला, वास येतो म्हणून मशीन भिंतीपासून ओढली.' 'पाहुण्यांच्या मुलाने गेम टाकला.' नियम एकच होता. काय झालं ते लिहायचं, कोणी केलं ते लिहायचं नाही. "नाव लिहायला लावलं की लोक लिहितच नाहीत," शेठ म्हणायचे. "आणि मला नाव घेऊन करायचंय काय? नावानं मशीन चालू होत नाही."

जेवायचे सूर्य मावळायच्या आत. त्यांच्या घरची रीत. कांदा-बटाटा-लसूण नाही, आणि यायचे कुठं, तर कांदा-बटाट्याच्या मंचरला! आमचे शिपाई गेणूमामा सुरुवातीला दर खेपेला प्रेमानं पोहे आणायचे आणि शेठ दर खेपेला हात जोडायचे. मग मामा हिरमुसून म्हणायचे, "कांदा न्हाई तर मंग त्यात खायाचं काय ओ शेठ?" साडेपाचच्या सुमाराला शेठ खिडकीतून उन्हाकडे बघायचे, पिशवीतला पितळी डबा काढायचे आणि दोन पोळ्या, मुगाची भाजी शांतपणे संपवायचे. एकदा ऊन गेलं की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न नाही. कितीही आग्रह करा.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट सांगते.

एका वर्षी दसरा झाला की दोन दिवसांनी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक येणार होते. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा मांडली. लेथ, व्हाइस, कानशी, सगळ्यांना झेंडूचे हार. आमच्या लॅबचं काय? वीस कॉम्प्युटरवर पाणी शिंपडता येत नाही, एवढी अक्कल मला होती. मी विचार केला, यांच्यातलं खरं हत्यार कोणतं? ज्याच्यावाचून बाकीच्या विसांचं अडतं ते. झालं! मी स्क्रू काढले, लॉक सोडवलं, पाटावर लाल कापड घालून त्यावर मांडलं. शेजारी सुपारी, पुढे नारळ. ओली हळद, ओलं कुंकू, आंब्याच्या पानानं पाणी, फुलं. प्रिन्सिपॉल सर वर्कशॉपमधून घाईघाईनं आले, त्यांनी कुंकू वाहिलं, गेणूमामांनी नारळ फोडला, आम्ही प्रसाद खाल्ला. खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं. म्हणून दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत लॉक पाटावर तसंच ठेवलं. मग पुसून पुन्हा सर्व्हरला लावलं, आणि घरी जाऊन सोनं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसाच्या वीस पडद्यांवर एकच चौकट. लायसन सापडत नाही. परीक्षा उद्या दहाला.

आता तुम्हाला वाटेल, हिला तेव्हाच कळलं असेल. खरं सांगते, मी कळूच दिलं नाही. देवाची पूजा केल्यानं कधी काही बिघडतं होय? असं स्वतःला बजावत होते. तेवढ्यात ऑफिसातल्या कोणीतरी सरांच्या कानात सोडलं की नारायणगावला नवीन क्लास निघालाय, तिथं हेच सॉफ्टवेअर चालतं. खरं लॉक विकून खोटं बसवलं असेल तर? सर मला तोंडावर काही बोलले नाहीत. स्टाफरूममध्ये बोलले. "लॅबची चावी कोणाकडे होती? परीक्षा होऊ द्या, मग चौकशी लावतो." ते माझ्यापर्यंत पाच मिनिटांत पोचलं. हंगामी बाईची कसली चौकशी? सरळ घरी. आणि घरी चाकणकडचं एक स्थळ तयारच होतं.

शेठ तीनच्या सुमाराला आले. चपला, स्टूल, गुडघ्यांवर हात. "मधे काय बदललं?"

"काहीच नाही," सर म्हणाले. "लॅब बंद होती. चावी या मॅडमकडे होती."

"काहीच नाही," मी म्हटलं.

"काय बी न्हाई शेठ," गेणूमामा छताकडे बघत म्हणाले.

पहिल्यांदाच असं झालं, की शेठ घरी जायला उठले नाहीत. त्यांनी वाकून लॉक सोडवलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, भोकांत डोकावून पाहिलं. मग नाकाशी नेलं. पिशवीतून जुना टूथब्रश, स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला. कापूस पुसून बाहेर आला तो लालभडक. सरांचं लक्ष जायच्या आत त्यांनी तो मुठीत दाबला आणि खिशात टाकला. पण मी पाहिला, आणि मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं.

"लॉक आपलंच आहे साहेब," शेठ म्हणाले. "वाळलं की चालेल. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय, तोवर मी बसतो." सर घड्याळ बघत केबिनमध्ये गेले. मामा चहा सांगायला गेले. शेठनी लॉक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पुन्हा विचारलं, अगदी हळू, "ताई, मधे काय बदललं?"

मी भडकले. "मला काय विचारता शेठ? मी काय विकून खाल्लं का ते लॉक?" आणि तिथंच रडायला आलं. रडत रडत सगळं सांगितलं. पाट, सुपारी, ओलं कुंकू, चाकणचं स्थळसुद्धा. आता शेठ म्हणतील, जाऊ द्या ताई, मी सांभाळून घेतो. मी त्याचीच वाट बघत होते. ते म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच आहे."

आणि बसून राहिले! ऊन फळ्यावरून कपाटावर गेलं. साडेपाच वाजले. मी म्हटलं, "शेठ, डबा खा. दिवस मावळेल." "तुमचं होऊ द्या आधी." पावणेसहा. डबा पिशवीतच. इतका राग आला मला त्या माणसाचा, काय सांगू! लॉक वाळलंय, लावावं आणि जावं ना घरी. कोणी सांगितलंय उपाशी राहायला? बाहेर झाडांच्या शेंड्यांवर तेवढं ऊन उरलं, तेव्हा मी उठले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर तणतणत लॅबमध्ये आले, मागून मी. "पूजा? इलेक्ट्रॉनिक वस्तूला ओलं कुंकू? शेठ, ऐकलंत? परीक्षकांनी उद्या काय म्हटलं असतं? मॅडम, तुम्ही उद्यापासून यायची गरज नाही."

शेठ स्टुलावरून हलले नाहीत. "साहेब, एक विचारू? मी तुमच्याकडे किती वेळा आलो असेन? दर वेळी विचारतो, काय बदललं. दर वेळी सगळे सांगतात, काही नाही. आज पहिल्यांदा कोणीतरी आपल्या पायानं चालत जाऊन सांगितलं. या ताईंना घालवलंत तर पुढच्या खेपेला मला कोण सांगणार? मग मी येऊन तरी काय करू?"

सर काही बोलायच्या आत दारातून गेणूमामांचा आवाज आला. "आन् सर, रागावू नगा, पर कुंकवाचा पयला मान तुमचाच व्हता."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पूजा म्हटल्यावर... माणूस वाहतोच," ते म्हणाले. "लावा ते लॉक." शेठनी लॉक लावलं. दहापैकी दहा जागा मिळाल्या. मी वही ओढली आणि लिहिलं, 'खंडेनवमी. लॉक पाटावर ठेवलं. ओलं हळद-कुंकू वाहिलं.' पुढे माझं नाव लिहायला गेले, तर शेठनी वहीवर हात ठेवला. "काय झालं, एवढंच."

त्यांना सोडायला मी स्कूटरपर्यंत गेले. दिवस बुडाला होता. डबा न उघडता पिशवी पुन्हा स्कूटरच्या हुकाला अडकवलेली. माझ्या तोंडून निघालंच, "लॉक तुम्ही नुसतं लावून दिलं असतं तर चाललं नसतं का हो शेठ?" ते म्हणाले, "लॉक चाललं असतं ताई. पण साहेबांच्या मनात चोर शिरलेला होता, तो मला स्पिरिटनं काढता आला नसता." मग किक मारता मारता हसले. "आज उपास घडला. बरं झालं." मी तिथं उभी राहून पुन्हा रडले, पण ते वेगळं रडू होतं. नोकरी टिकली, पुढे कायम झाली. लग्न केलं ते माझ्या मनासारखं.

नंतर लॉकं गेली. लायसन सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या नंबराला बांधलं जायला लागलं. कार्ड जळून बदललं की सर्व्हर परका, मग पुण्याला नवा नंबर कळवून नवा कोड आणायचा. शेठ तरीही यायचे, स्टूल तेच. असंच एकदा आमचं कार्ड गेलं. शेठनी फोनवर नंबर सांगितला, कोड आला, लायसन चालेना. पुन्हा फोन, पुन्हा कोड, पुन्हा नाही. "पुण्याचीच काहीतरी चूक आहे," शेठ म्हणाले. मी थबकले. हा माणूस दुसऱ्याची चूक असं कधी बोललेला नव्हता. मी त्यांच्या खांद्यावरून पडद्यावर पाहिलं. "शेठ, तिथं आठ नाही. बेल्हे आहे."

"चष्मा विसरलो," ते म्हणाले. चष्मा शर्टाच्या खिशात होता. नंबर मी वाचला, काम झालं. ते निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. स्कूटर रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून सायकलच्या वेगानं जात होती आणि मागचा टेम्पो हॉर्न वाजवून बेजार झाला होता.

त्या रविवारी मी जुन्नरला गेले. कापडाच्या दुकानामागे घर. शेठ गादीवर बसले होते, त्यांच्या पत्नी कमलवहिनी आत स्वयंपाकात. त्यांनी पाणी आणून दिलं आणि पुन्हा आत गेल्या. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, समोर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "शेठ, मधे काय बदललं?"

ते क्षणभर माझ्या दिशेनं बघत राहिले. "काहीच नाही ताई."

"मग मी घरी जाते." मी उठले. दाराशी जाऊन चपलांत पाय घातला. गप्पच बसले तर? जावंच लागणार होतं मला.

"तसं..." मागून आवाज आला. "डाव्या डोळ्यापुढं धुकं असतं. आता उजव्यातपण यायला लागलंय."

मी परत येऊन बसले. शेठ डॉक्टरांकडे गेले नव्हते. घरात कोणाला बोलले नव्हते. स्कूटर काढून घेतील, मग डिंभ्याला कोण जाणार, घोडेगावला कोण जाणार, लोकांची कामं अडतील, असं बरंच काय काय सांगत राहिले. मी ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर ते वाट बघत राहिले. आता मी म्हणावं, जाऊ द्या शेठ, बघू काहीतरी. जीव तुटत होता माझा. तरी म्हटलं, "हे मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच आहे."

शेठच्या चेहऱ्यावर आधी राग आला, तेव्हा लॅबमध्ये मला आला होता तोच राग, मी ओळखला. मग ते हसले. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता.

"कमल," त्यांनी हाक मारली, "ते राहू दे. जरा इथं येऊन बस."

मी उठून बाहेर ओट्यावर गेले. मग आतून वहिनींचा आवाज आला, "कधीपासून?"

"आषाढापासून," शेठ म्हणाले. "घोडेगावच्या पतसंस्थेत पहिल्यांदा बेल्ह्याचं आठ वाचलं, त्या दिवसापासून."